हीथ्रोच्या विमानांचा आवाज आणि विमानफेऱ्यांच्या मर्यादा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाउन्सलो, फेल्टम, हेस्टन, आइलवर्थ, साउथॉल आणि स्लाउ या भागांतील मराठी कुटुंबांकडून आमच्या रहिवासी गटाकडे जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विमानांचा त्रास होतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण नेमकी कोणती मर्यादा ओलांडली गेली आणि ती पाळून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे सांगू शकणारे फार थोडे असतात. तक्रारीला वजन येते ते या दोन गोष्टींमुळे, आणि म्हणून बहुतेक उत्तरांचा रोख त्यांच्याकडेच आहे.

१. हीथ्रोवर विमानांच्या संख्येला खरोखर काही मर्यादा आहे का?

आहे. वर्षाला ४,८०,००० हवाई वाहतूक फेऱ्या ही ती मर्यादा होय. एक उड्डाण किंवा एक अवतरण म्हणजे एक फेरी, त्यामुळे सकाळी येऊन दुपारी परत जाणारे विमान दोन फेऱ्यांत मोजले जाते. पाचव्या टर्मिनलसाठीची जाहीर चौकशी १९९५ ते १९९९ अशी चार वर्षे चालली आणि तिचे ५२५ दिवस प्रत्यक्ष कामकाज झाले. तिचे निरीक्षक रॉय व्हँडरमीर यांनी परवानगीची शिफारस करताना ही मर्यादा सुचवली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारने टर्मिनलला मंजुरी देताना ती अट म्हणून घातली. दिवसाची सरासरी काढली तर सुमारे १,३१५ फेऱ्या होतात. २०१९ मध्ये प्रत्यक्ष आकडा सुमारे ४,७६,००० होता, म्हणजे विमानतळ मर्यादेला जवळजवळ टेकलेला होता. त्यामुळेच ती उठवण्याची किंवा वाढवण्याची भाषा जेव्हा जेव्हा निघते, तेव्हा ती नुसती तांत्रिक बाब म्हणून सोडून देणे योग्य नाही.

२. ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे कोण पाहते?

ती प्लॅनिंगच्या परवानगीतील अट असल्यामुळे ती अंमलात आणण्याचा अधिकार स्थानिक प्लॅनिंग प्राधिकरणाकडे, म्हणजे हिलिंग्डन कौन्सिलकडे आहे. येथे आपल्यापैकी अनेकांची गफलत होते. धावपट्ट्यांकडे उतरणारी विमाने हाउन्सलोवरून जातात, परंतु विमानतळाची जमीन मुख्यतः हिलिंग्डनच्या हद्दीत येते. हाउन्सलोचे कौन्सिल आवाज उठवू शकते, हरकती नोंदवू शकते, न्यायालयातही जाऊ शकते. मात्र या अटीची नोटीस बजावणे त्याच्या हातात नाही. विमानफेऱ्यांचे आकडे नागरी विमान प्राधिकरण दरमहा प्रसिद्ध करते. ते कोणालाही पाहता येतात, आणि बारा महिन्यांची बेरीज करण्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

३. रात्रीसाठी वेगळी मर्यादा आहे का?

आहे, आणि ती सरकारने घातलेली आहे. १९८२ च्या नागरी विमान वाहतूक कायद्याच्या कलम ७८ नुसार हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅन्स्टेड या तीन विमानतळांवरील आवाजाचे नियम वाहतूकमंत्री ठरवतात. हीथ्रोवर रात्री ११.३० ते सकाळी ६ या काळात वर्षाला ५,८०० फेऱ्यांची परवानगी आहे : हिवाळी हंगामात २,५५० आणि उन्हाळी हंगामात ३,२५०. सरासरीने रात्रीला सोळा. एका हंगामात शिल्लक राहिलेल्या फेऱ्यांपैकी मर्यादेच्या दहा टक्क्यांपर्यंत फेऱ्या पुढच्या हंगामात नेता येतात, तसेच दहा टक्क्यांपर्यंत जास्त झालेल्या फेऱ्या पुढच्या हंगामातून वजा होतात. म्हणून एकाच हंगामाचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये.

ही संख्या सहज मिळालेली नाही. १९९३ मध्ये सरकारने फेऱ्यांची संख्या न ठरवता केवळ आवाजाच्या गुणांवर आधारलेली पद्धत आणली होती. रिचमंड आणि इतर काही कौन्सिलांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. कायदा ‘कमाल संख्या’ ठरवायला सांगतो आणि ती न ठरवणारी पद्धत बेकायदेशीर आहे, असा निर्णय उच्च न्यायालयाने दिला. आज आपण ५,८०० हा आकडा बोट ठेवून दाखवू शकतो, त्याचे मूळ त्या निर्णयात आहे.

४. ‘कोटा काउंट’ म्हणजे काय?

प्रत्येक विमानाच्या प्रमाणित आवाजानुसार त्याला गुण दिलेले असतात : ०.१२५, ०.२५, ०.५, १, २, ४, ८ आणि १६. आवाज तीन डेसिबलने वाढला की गुण दुप्पट होतात. उतरण्याचे आणि उडण्याचे गुण वेगळे असतात. उदाहरणार्थ, जुने बोइंग ७४७-४०० उतरताना २ आणि उडताना ४ गुण घेई, तर त्याहून मोठे एअरबस ए३८० उतरताना ०.५ आणि उडताना २ गुण घेते. रात्रीच्या ५,८०० फेऱ्यांबरोबरच गुणांच्या एकूण बेरजेलाही हंगामी मर्यादा असते आणि ८ व १६ गुणांच्या विमानांना रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत मनाई आहे. हे गुण विमानाच्या प्रमाणपत्रावरून ठरतात, आपल्या छपरावर प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या आवाजावरून नव्हे, हे ध्यानात असावे.

५. आई-बाबा भारतातून आले आहेत आणि पहाटे साडेचारला विमानांनी जागे होतात. हे नियमाविरुद्ध नाही का?

दुर्दैवाने नाही. रात्रीच्या ज्या सोळा फेऱ्यांचा उल्लेख प्रश्न ३ मध्ये आहे, त्यांतील बहुतेक दूर पूर्वेकडून येणारी विमाने पहाटे ४.३० ते ६ या वेळेत उतरतात. या वेळेसाठी नियोजित असलेल्या विमानांनी ४.३० पूर्वी उतरू नये, हा विमानतळाने स्वेच्छेने स्वीकारलेला निर्बंध आहे. कायद्यात ही वेळ नाही, त्यामुळे ४.२० ला उतरलेल्या विमानाची तक्रार करताना शब्द जपून वापरावेत : स्वेच्छेचा निर्बंध मोडला, असे लिहावे.

सकाळी ६ ते ७ हा तास याहूनही विचित्र आहे. आवाजाच्या दृष्टीने हा तास रात्रीत मोडतो, पण ५,८०० च्या मोजणीत तो येत नाही. त्यातच या तासात दोन्ही धावपट्ट्यांवर विमाने उतरवण्याची मुभा असते, त्यामुळे झोपेची सर्वाधिक मोडतोड याच साठ मिनिटांत होते. या तासालाही फेऱ्यांची मर्यादा लागू व्हावी, ही आमच्या मते सर्वांत रास्त मागणी आहे.

६. दुपारी तीनला विमाने बंद होतात असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?

बंद होत नाहीत. दुसऱ्या धावपट्टीवर जातात. वारा पश्चिमेकडून असताना विमाने एका धावपट्टीवर उतरतात आणि दुसरीवरून उडतात, आणि दुपारी ३ वाजता ही वाटणी उलटते. पुढच्या आठवड्यात सकाळ-दुपारचा क्रम बदलतो. दक्षिण धावपट्टीकडे येणारी विमाने रिचमंड, आइलवर्थ आणि हाउन्सलोवरून येतात; उत्तर धावपट्टीची क्यू, ऑस्टर्ली आणि क्रॅनफर्डच्या बाजूने. ही अर्ध्या दिवसाची उसंत म्हणजे हीथ्रोभोवतीच्या वस्तीला मिळणारे सर्वांत मोठे संरक्षण आहे. तिचे वर्षभराचे वेळापत्रक विमानतळ आधीच प्रसिद्ध करतो. लहान मूल असलेल्या घरांनी ते स्वयंपाकघरात लावून ठेवावे, असे आम्ही नेहमी सांगतो.

उसंतीच्या वेळातही अधूनमधून एखादे विमान आपल्यावरून उतरते, याबद्दल बरेच विचारले जाते. उतरणाऱ्या विमानांचा खोळंबा ठरावीक प्रमाणापलीकडे गेला, तर तासाला सहापर्यंत विमाने उड्डाणाच्या धावपट्टीवर उतरवण्याची परवानगी आहे. तासात सहापेक्षा जास्त मोजली गेली, तर वेळांसह कळवावे.

७. काही दिवस विमाने उतरायचीच थांबतात आणि मग उड्डाणांचा आवाज सुरू होतो. असे का?

विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते. वर्षातील साधारण सत्तर टक्के काळ वारा पश्चिमेचा असतो; उरलेल्या काळात दिशा उलटते. वारा अगदी मंद असेल तर पूर्वेकडून असतानाही, पाच नॉटपर्यंतच्या पाठीमागच्या वाऱ्यात, पश्चिमेकडेच उडण्याची पद्धत १९६२ पासून आहे, कारण जास्त आवाजाची उड्डाणे लंडनच्या दाट वस्तीवरून जाऊ नयेत.

पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवसांत दुपारी तीनची वाटणी मिळत नाही. त्याचे मूळ क्रॅनफर्ड करारात आहे. उत्तर धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या क्रॅनफर्ड गावावरून पूर्वेकडे शक्यतो उड्डाण करायचे नाही, असे १९५२ मध्ये तोंडी ठरले होते. सरकारने २००९ मध्ये हा करार संपल्याचे जाहीर केले. उत्तर धावपट्टीवरून पूर्वेकडे उड्डाणे करण्यासाठी लागणाऱ्या धावपट्टीलगतच्या बांधकामाला हिलिंग्डनने नकार दिला आणि ती परवानगी अपिलात २०१७ मध्ये मिळाली. क्रॅनफर्डच्या घरांचा दिलासा हाच विंडसरच्या बाजूच्या घरांचा भार ठरतो, म्हणून या विषयावर रहिवाशांमध्येही एकमत नाही, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिक आहे.

८. विमानाने किती आवाज करावा याला डेसिबलची मर्यादा आहे का? दंड होतो का?

उड्डाणांसाठी आहे. उड्डाणाची धाव जेथे सुरू होते तेथून सुमारे साडेसहा किलोमीटरवर आवाज मोजणारी कायमची यंत्रे बसवलेली आहेत. तेथे सकाळी ७ ते रात्री ११ या वेळेत ९४ डेसिबल, रात्री ११ ते ११.३० आणि सकाळी ६ ते ७ या वेळेत ८९, आणि रात्री ११.३० ते ६ या वेळेत ८७ डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. ती ओलांडणाऱ्या विमान कंपनीला विमानतळ दंड करतो आणि तो पैसा परिसरातील सामाजिक कामांसाठी जातो. त्याच ठिकाणापर्यंत विमान किमान १,००० फूट उंचीवर पोहोचलेले असावे, असाही नियम आहे. दंडाची रक्कम मोठ्या विमान कंपनीला जाणवेल इतकी असावी, ही मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे आणि ती सोडू नये.

९. मग उतरणाऱ्या विमानांना दंड का नाही?

त्यांच्यासाठी अशी डेसिबलची मर्यादाच नाही. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून सरळ रेषेत येते. धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर ते जेमतेम ९०० फुटांवर असते आणि तेथे वैमानिकाला मार्ग बदलण्यास वाव नसतो. तरीही काही गोष्टी त्याच्या हातात असतात : मध्येच सपाट न उडता सलग खाली येणे आणि चाके गरजेपेक्षा आधी न उतरवणे. लवकर उतरवलेल्या चाकांमुळे होणारा घोंघाट खालच्या माणसाला स्पष्ट कळतो. या बाबतीत कंपन्यांची कामगिरी मोजली जाते, आणि ती कंपनीच्या नावासह मागण्याचा आग्रह धरावा.

१०. विमान नेहमीच्या मार्गाने न जाता आमच्या गल्लीवरून वळले. हे चालते का?

उड्डाणांसाठी ठरवलेले मार्ग आहेत आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दीड किलोमीटरपर्यंतचा पट्टा त्या मार्गाचाच भाग मानला जातो. ४,००० फुटांची उंची गाठल्यावर नियंत्रक विमानाला कोठेही वळवू शकतात. म्हणून तक्रार करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : विमान ४,००० फुटांखाली होते का, आणि पट्ट्याबाहेर होते का. वादळ किंवा सुरक्षिततेचे कारण असेल तर अपवाद मान्य केला जातो.

११. तक्रार नेमकी कशी लिहावी?

‘काल दिवसभर फार आवाज होता’ या तक्रारीची नोंद होते, पण तिचे उत्तर साचेबद्ध येते, कारण तिच्यात तपासण्यासारखे काही नसते. विमानतळाच्या ‘वेबट्रॅक’ या नकाशावर मागील विमानांची वेळ, उंची, मार्ग आणि उड्डाण क्रमांक दिसतो. तेथे आपल्या पोस्टकोडवरून गेलेले विमान शोधावे आणि तारीख, मिनिटापर्यंत वेळ, उड्डाण क्रमांक व नकाशावर दिसणारी उंची लिहावी. त्यापुढे एका वाक्यात मर्यादेचे नाव घ्यावे : ‘हे उड्डाण रात्री ११.४७ चे असून ते ५,८०० मध्ये मोजले गेले का, की त्याला सूट देण्यात आली, हे कळवावे.’ अशा प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते.

एकाच मजकुराची पन्नास पत्रे पाठवण्यापेक्षा पन्नास घरांनी एका आठवड्याची नोंदवही ठेवावी, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे. झोपमोड झाल्याची वेळ, खिडकी उघडी की बंद, घरात कोण जागे झाले, इतके पुरते. इंग्रजीत लिहिण्याचा संकोच असलेल्या ज्येष्ठांनी नोंद मराठीत ठेवावी. भाषांतर गटातील मंडळी करून देतात.

१२. ‘सर्व काही नियमानुसार झाले’ असे उत्तर आले. आता काय करावे?

कोणत्या नियमानुसार, हे लेखी विचारावे. विमानतळ खाजगी कंपनी चालवते, त्यामुळे माहिती स्वातंत्र्याचा २००० चा कायदा तिला थेट लागू होत नाही. परंतु वाहतूक खाते, नागरी विमान प्राधिकरण आणि कौन्सिल यांना तो लागू होतो, आणि रात्रीच्या फेऱ्या व दिलेल्या सवलती यांची माहिती त्यांच्याकडे मागता येते. रात्रीची मर्यादा असेल तर वाहतूक खाते, ४,८०,००० ची असेल तर हिलिंग्डन, मार्गाची असेल तर प्राधिकरण, असा पत्ता निवडावा. आपल्या खासदारांनाही प्रत पाठवावी, कारण मंत्र्यांना सभागृहात लेखी प्रश्न तेच विचारू शकतात.

१३. शेजाऱ्याची पार्टी कौन्सिल बंद करते, मग विमानाचा आवाज का नाही? न्यायालयात जाता येईल का?

१९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातील ध्वनी-उपद्रवाच्या तरतुदीतून विमाने वगळलेली आहेत. तसेच १९८२ च्या कायद्याच्या कलम ७६ नुसार, वाजवी उंचीवरून आणि नियम पाळून जाणाऱ्या विमानाविरुद्ध उपद्रवाचा किंवा अतिक्रमणाचा दावा चालत नाही. एकेकट्या रहिवाशासाठी हे दार जवळपास बंदच आहे.

हीथ्रोजवळच्या आठ रहिवाशांनी रात्रीच्या विमानांचा प्रश्न स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला होता. २००१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. ८ जुलै २००३ रोजी मोठ्या खंडपीठाने घर आणि खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला नाही असे ठरवले, मात्र या रहिवाशांना देशात परिणामकारक दाद मागण्याची सोय नव्हती, हे मान्य केले. म्हणून न्यायालयाचा मार्ग आता मुख्यतः सरकारचा निर्णय कायद्याच्या चौकटीत झाला का एवढेच विचारतो, आणि तो कौन्सिलांनी एकत्र येऊन चालण्याचा मार्ग आहे. प्रश्न ३ मधील रिचमंडचे उदाहरण त्याच प्रकारचे आहे.

१४. विमानतळाच्या नकाशात आमचे घर ‘आवाजाच्या पट्ट्याबाहेर’ आहे. मग रोज ऐकू येते ते काय?

नकाशातील रेषा सरासरीच्या असतात. उन्हाळ्यातील ९२ दिवसांचा, सकाळी ७ ते रात्री ११ या सोळा तासांचा आवाज एकत्र करून ती सरासरी काढतात. पूर्वेच्या वाऱ्याचे शांत दिवस आणि दुपारनंतरची उसंत त्यातच मिसळते. माणूस सरासरी ऐकत नाही. तो दर दीड मिनिटाला येणारे एकेक विमान ऐकतो. ब्रिटिश सरकार दिवसा ५१ आणि रात्री ४५ डेसिबलपासून दुष्परिणाम सुरू होतात असे मानते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी रात्रीची शिफारस ४० डेसिबल अशी केली आहे. विमाने ठरावीक पातळीच्या वर किती वेळा गेली, याचे नकाशेही काढता येतात. सल्लामसलतीच्या वेळी ते आवर्जून मागावेत.

१५. घराच्या खिडक्या किंवा छपरासाठी मदत मिळते का?

ध्वनिरोधनाच्या योजना पोस्टकोडनुसार ठरतात. पात्रता विमानतळाकडे तपासावी. छपराची कौले मात्र वेगळा विषय आहे. कमी उंचीवरून गेलेल्या मोठ्या विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यामुळे कौले उचलली गेली असतील तर विमानतळ स्वखर्चाने दुरुस्ती करतो. छायाचित्रे काढून लगेच कळवावे. घराच्या किमतीत घट झाल्याची भरपाई १९७३ च्या जमीन भरपाई कायद्यानुसार नवीन किंवा बदललेल्या धावपट्टीसारख्या कामांसाठी मिळते. आहे त्याच धावपट्टीवर वाहतूक वाढली, एवढ्यावर मिळत नाही.

१६. तिसरी धावपट्टी झाली तर या मर्यादांचे काय?

तिच्यासह वर्षाला सुमारे ७,४०,००० फेऱ्यांची योजना पूर्वी मांडली गेली आहे, म्हणजे ४,८०,००० ची अट मागे पडेल. संसदेने जून २०१८ मध्ये धोरणाला ४१५ विरुद्ध ११९ मतांनी मान्यता दिली, अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ते बेकायदेशीर ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो निर्णय फिरवला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने पुन्हा पाठिंबा जाहीर केला. त्या धोरणात रात्री साडेसहा तासांच्या नियोजित विमानबंदीची अपेक्षा आहे. ती अपेक्षा सहा ते सातच्या तासासह कागदावर बंधनकारक व्हावी, हा आग्रह आताच धरला पाहिजे.

१७. मर्यादा टिकवून ठेवण्यात कोठे यश आले आहे का? आणि मुंबईत असे नियम आहेत का?

लंडन सिटी विमानतळ शनिवारी दुपारी १२.३० पासून रविवारी दुपारी १२.३० पर्यंत बंद असतो. त्याने शनिवारची वेळ वाढवून मागितली होती. रहिवासी आणि न्यूहॅम कौन्सिल यांचा विरोध होता, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने प्रवासीसंख्या वाढवायला परवानगी दिली, पण शनिवारची वेळ वाढवण्यास नकार दिला.

भारतात २०१८ च्या अधिसूचनेने वर्षाला ५०,००० हून अधिक फेऱ्यांच्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल अशी परिसरातील मर्यादा ठरवली. मुंबई या वर्गात येते. तेथे एका तासात किती विमाने हाताळायची याची मर्यादा आहे, पण ती धावपट्टीची क्षमता आणि खोळंबा पाहून ठरते, झोपेसाठी नाही.

१८. रात्री एक वाजता विमान उडाले. हे ५,८०० मध्ये मोजले जाते का?

हीथ्रोवर रात्री ११ ते सकाळी ६ दरम्यान उड्डाणे वेळापत्रकात ठेवलेली नसतात, म्हणून ते उशिरा सुटलेले विमान असण्याचीच शक्यता जास्त. असे विमान सामान्यतः मोजले जाते. मात्र आणीबाणी, मानवतावादी मदत किंवा व्यापक विस्कळीतपणा अशा कारणांसाठी कलम ७८ खाली फेरीला सूट देता येते, आणि सूट मिळालेली फेरी मोजणीतून वगळली जाते. म्हणून ‘मोजले का’ आणि ‘सूट कोणत्या कारणाने’ हे दोन्ही प्रश्न एकाच पत्रात विचारावेत. विमान कंपनीची नेहमीची दिरंगाई हे विस्कळीतपणाचे कारण होऊ शकत नाही.

१९. खाजगी जेट, हेलिकॉप्टर आणि नॉर्थोल्टची विमाने यांचे काय?

४,८०,००० ही मर्यादा हवाई वाहतुकीच्या, म्हणजे व्यावसायिक फेऱ्यांची आहे. खाजगी विमाने तीत येत नाहीत. हेलिकॉप्टर हीथ्रोचे असेलच असे नाही. बॅटरसीच्या हेलिपोर्टला वर्षाला १२,००० फेऱ्यांची स्वतंत्र मर्यादा आहे. रुइस्लिप आणि साउथ हॅरोच्या बाजूला कमी उंचीवरून जाणारी लहान जेट बहुधा नॉर्थोल्टच्या हवाई दल तळाची असतात. तेथे नागरी विमानांसाठी वर्षाला १२,००० फेऱ्यांची मर्यादा असून लष्करी विमाने तिच्याबाहेर आहेत. या तळाची तक्रार संरक्षण मंत्रालयाकडे जाते, त्यामुळे लिहिण्यापूर्वी वेबट्रॅकवर विमान कोठून आले ते प्रश्न ११ प्रमाणे पाहून घ्यावे.